आडनाव बदललं, पत्ताही बदलला

आज दिवसभर एक्स्चेंज सर्व्हरच्या (ऑफिसची मेल सांभाळणारा मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर) ईमेल ॲड्रेस पॉलिसीत, म्हणजे नावावरून ईमेल पत्ते आपोआप बनवणाऱ्या नियमात, डोकं घातलं होतं. आमचा नियम साधा आहे: पहिलं नाव, टिंब, आडनाव, पुढे डोमेन. लग्नानंतर एका सहकारी मैत्रिणीचं आडनाव रेकॉर्डवर बदललं, पॉलिसी पुन्हा लागू झाली आणि तिचा मुख्य पत्ता बदलला. जुना पत्ता दुय्यम म्हणून राहतो, त्यावरची मेल तिला मिळतेच. पण तिने पाठवलेल्या प्रत्येक मेलवर नवं नाव! ग्राहक विचारायला लागले, "या कोण?" तिला जुनंच नाव हवं होतं, आणि तिचं शंभर टक्के बरोबर आहे. इतक्या वर्षांची ओळख आहे ती.

तिच्या मेलबॉक्सवरची 'पत्ते आपोआप अपडेट करा' ही टिक काढली, जुना पत्ता मुख्य केला. पाच मिनिटांचं काम. (एकाच नावाच्या दोन पाटील असल्या की दुसरीला आकडा चिकटतो, तेही मला खटकतंच.)

एचआरला सांगितलंय, नाव बदलायच्या अर्जात एक रकाना वाढवा: ईमेल पत्ता बदलायचा का? हो म्हणालेत. सोमवारी नवा फॉर्म येतोय.