चंद्राचं खळं

स्मरणिकेसाठी लिहायला बसले आणि डोळ्यांपुढे आले ते आमचे गुरुजी. ते मराठी शिकवत. विज्ञानाचे सर रजेवर असले की तो तासही तेच घेत. एखाद्या शब्दापाशी ते थांबले, की घंटा कधी झाली ते कळत नसे.

एकदा धड्यात 'प्रभामंडळ' हा शब्द आला. गुरुजींनी अर्थ सांगितला नाही. विचारलं, "चंद्राभोवती कडं पडतं, त्याला घरी काय म्हणता रे?" सगळा वर्ग ओरडला, "खळं!" "आणि ज्वारी मळता ते?" तेही खळंच. मधे मेढ, तिच्याभोवती गोल फिरणारी बैलांची पात. आभाळात मेढीच्या जागी चंद्र. संस्कृतात 'खल' म्हणजे मळणीची जागा, हे त्यांनी फळ्यावर लिहिलं. मूर्तीमागची प्रभावळ, संतांच्या चित्रातलं तेजोवलय यांचाही विषय निघाला, पण गुरुजींचा जीव खळ्यात. शेतकऱ्यानं आपल्या रानातला शब्द आभाळाला दिला, याचा त्यांना केवढा अभिमान! आमच्यातली निम्मी पोरं खळ्यावर राबून शाळेत येणारी. त्या दिवशी ती ताठ बसली होती.

मग वराहमिहिर. सहाव्या शतकात त्यानं 'बृहत्संहिते'त या कड्यावर, म्हणजे 'परिवेषा'वर, स्वतंत्र अध्याय लिहिला. आभाळात विरळ ढग असताना सूर्यचंद्राचे किरण वाऱ्यानं गोलाकार होतात, असं तो म्हणतो. "ढगाचं त्यानं बरोबर हेरलं, वाऱ्याचं नाही," गुरुजी म्हणाले. फार उंचावरच्या पातळ ढगांत बर्फाचे षटकोनी स्फटिक असतात. त्यांतून जाताना प्रकाश साधारण २२ अंशांनी वळतो, म्हणून हे मोठं खळं नेहमी तेवढंच दिसतं. हात लांब करून वीत ताणायची, अंगठा चंद्रावर धरायचा. करंगळी कड्यापाशी जाते. मी अजून तसंच मोजते.

पुढे कॉलेजात खळ्याला इंग्रजीत म्हणतात त्या 'हेलो' (halo) शब्दाचं मूळ कोशात पाहिलं. ग्रीक 'हॅलोस', अर्थ मळणीचं खळं! आणि तिथंही सूर्यचंद्राभोवतीच्या कड्याला तोच शब्द.

महोत्सवाला गुरुजी येणार आहेत असं कळलं. हे त्यांना सांगायचं आहे, आणि ग्रीसच्या नि आपल्या शेतकऱ्याला एकच गोष्ट कशी सुचली, यावर त्यांचं म्हणणं ऐकायचं आहे.