झुरळं स्प्रेने का संपत नाहीत

आज पेस्ट कंट्रोलवाले येऊन गेले. ओट्याखालच्या कपाटाच्या बिजागरीवर त्यांनी टॉर्च मारला. फटीत मिरपुडीसारखी विष्ठा, आणि एका मादीच्या मागे चिकटलेली तपकिरी अंड्यांची कुपी. जर्मन झुरळाच्या, म्हणजे स्वयंपाकघरात दिसणाऱ्या लहान तपकिरी झुरळाच्या, अशा एका कुपीत साधारण 30 ते 40 अंडी असतात. स्प्रेने समोर दिसणारी मरतात, फटीतली तशीच राहतात. त्यांनी जेलचे, म्हणजे झुरळांसाठीच्या विषारी आमिषाचे, बारीक ठिपके दिले. ते खाऊन झुरळ लपायच्या जागी जाऊन मरतं, मग त्याची विष्ठा नि मेलेलं झुरळ खाऊन बाकीचीही मरतात. जेलजवळ स्प्रे अजिबात मारायचा नाही, झुरळं ती जागाच टाळतात.

मुंग्या, एखाददुसरं झुरळ एवढ्यासाठी कुणाला बोलवू नका. फटी बुजवा, सिंकखालची गळती थांबवा, रात्री ओटा कोरडा ठेवा. वाळवी असेल तर मात्र घरच्या घरी प्रयोग नकोच! वारूळ बहुतेकदा जमिनीत, राणीही तिथेच. भिंतीवरची माती झाडून काय होणार?

आणि माणूस बोलावलात तर औषधाचं नाव विचारा, घरात लहान बाळ किंवा मांजर असेल तर आधीच सांगा. आज आलेल्यांनी न विचारता हे सगळं समजावलं, फार बरं वाटलं.