डोसाचं गणित मोबाइलवर शिकवताना

नेरूळच्या एका नर्सिंग कॉलेजात मी ट्यूटर आहे. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, कोणत्याही शाखेची बारावी चालते, त्यामुळे वर्गात कला शाखेचे बरेच असतात. दशांश चिन्ह आलं की त्यांचा हात थांबतो. आणि आमच्या कामात त्या टिंबावर पेशंटचा जीव असतो: 0.5 ऐवजी नुसतं .5 लिहिलं आणि टिंब पुसट उमटलं, की डोस दहापट.

सराव वाढावा म्हणून मी डोसाचा हिशोब करणारं मोबाइल ॲप वापरायचं ठरवलं. वॉर्डात फोनला बंदी, ती योग्यच आहे. स्किल लॅबपुरती, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खोलीपुरती, प्राचार्यांनी परवानगी दिली. हॉस्टेलवर रेंज धड नसते, म्हणून नेटशिवाय चालणारं ॲप शोधलं.

खरा घोळ पुढे समोर आला. 500 मिली सलाइन 8 तासांत द्यायचं, तर मिनिटाला किती थेंब? ॲपने 16 सांगितले, फळ्यावर 21 आले होते. ॲपने एका मिलीचे 15 थेंब धरले होते. आमच्या लॅबमधला मोठ्यांचा सेट, म्हणजे सलाइनची नळी, मिलीला 20 थेंबांचा; बारीक थेंबांचा मायक्रो सेट 60 चा. तेव्हापासून नियमच केला: आधी सेटचं पाकीट हातात घ्या, थेंबांचा आकडा मोठ्याने वाचा, मग फोन.

इन्सुलिनचं तर जास्तच जपावं लागतं. आपल्याकडे मिलीला 40 युनिटची वायल (औषधाची छोटी बाटली) मिळते, 100 चीही मिळते. 40 च्या वायलमधलं औषध 100 च्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरलं, तर पेशंटला 8 युनिटच जातात. लाल टोपण 40 चं, केशरी 100 चं, हे मी रंगीत पाण्यावर करून घेते. हे कोणतंही ॲप शिकवू शकत नाही.

दुसरा नियम अंदाजाचा. 10 किलोचं बाळ, पॅरासिटामॉल किलोला 15 मिलिग्रॅम, सिरप 5 मिलीत 250 चं. एकीच्या फोनवर 30 मिली आलं. शेजारची लगेच म्हणाली, ''मॅडम, बाटलीच 60 मिलीची आहे, अर्धी पाजणार का?'' वजनात एक शून्य जास्त पडलं होतं. खरं उत्तर 3 मिली. मला त्या मुलीचा फार अभिमान वाटला. आता ''साधारण किती येईल?'' हे वहीत लिहिल्याशिवाय मी कुणाला ॲप उघडू देत नाही.

सध्या डोपामिन, म्हणजे रक्तदाब वाढवणारं औषध, शिकवायला घेतलंय. 200 मिलिग्रॅमची अँप्यूल (काचेची कुपी), पातळ करून एकूण 50 मिली, पेशंट 60 किलोचा, किलोला मिनिटाला 5 मायक्रोग्रॅम. तासाला 4.5 मिली येतं. मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम करताना हजाराने भागायचं राहतं, म्हणून दोघी-दोघींना वेगवेगळं सोडवायला लावते आणि उत्तरं जुळली तरच सिरिंज पंप, म्हणजे ठरलेल्या वेगाने औषध सोडणारं यंत्र, लावू देते.