आमची वाटचाल : पुलाच्या सांध्यापाशी

गोव्यात कुंडईला आमचं वेल्डिंगचं शेड होतं. खनिजाच्या ट्रकांच्या बॉड्या दुरुस्त करायच्या, पोट त्यावरच. २०१२ मध्ये ऐन चवथीच्या तोंडावर खाणी बंद झाल्या आणि शेड ओस पडली. चार कामगार, त्यांची घरं. मिळेल ते काम धरायचं ठरवलं. एका कंत्राटदाराने विचारलं, "पुलाचे सांधे बदलशील?" हो म्हणालो आणि मग शिकलो.

उन्हात पुलाचा स्लॅब वाढतो, रात्री आकसतो. दोन खांबांमधल्या ४० मीटरच्या गाळ्यात तापमान २० अंशांनी बदललं की लांबीत जवळजवळ १० मिलिमीटरचा फरक पडतो. त्याला वाव नसेल तर काँक्रीटच्या कडा फुटतात. म्हणून दोन गाळ्यांमध्ये फट ठेवून, दोन्ही कडांना पोलादी पट्ट्या काँक्रीटमध्ये घट्ट बसवतात आणि मधोमध निओप्रीनची पट्टी खोचतात. याला स्ट्रिप सील जॉइंट म्हणतात. पट्ट्या आणि रबर आम्ही बाहेरून मागवतो, बसवतो आम्ही.

पहिल्याच कामात चुकलो. रबर हातभर कमी पडलं, दुसरा तुकडा चिकटवून भागवलं. जुलैत खाली जाऊन पाहिलं तर नेमक्या त्या जोडाखालून पाणी ठिबकत होतं. खांबाचा माथा काळा पडलेला, स्लॅब ज्यावर टेकतो त्या बेअरिंगच्या पत्र्याला गंज चढू लागलेला. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा मी शाळेत होतो. नंतर वडिलांचा हात धरून फेरीबोटीच्या रांगेत उभा राहायचो, ती रांग त्या दिवशी आठवली. आमचे फिटरकाका एवढंच म्हणाले, "रबर एकसंध हवं होतं, बाबा." पाऊस ओसरल्यावर स्वखर्चाने सगळी पट्टी काढली आणि कठड्यापासून कठड्यापर्यंत एकच अखंड घातली.

तेव्हापासून फट अंदाजाने ठेवत नाही. बसवायच्या वेळी स्लॅब किती तापलाय ते थर्मामीटरने बघतो, त्याप्रमाणे पट्ट्यांमधलं अंतर बांधतो. काम बहुतेक रात्रीचं. खोबणी हवेने साफ करून फिटरकाका तिच्यातून बोट फिरवतात, वाळूचा कण लागला की पुन्हा हवा. रबर बसलं की वर पाणी तुंबवून ठेवायचं आणि टॉर्च घेऊन खाली जायचं. काँक्रीट पुरतं पिकण्याआधी वाहतूक सोडा म्हणून दबाव येतो. त्यापायी दोन कामं गेली, पण वाहतूक सोडली नाही.

एक गोष्ट मात्र मनाला फार लागते. डांबराचा नवा थर कित्येकदा सांध्यावरूनच ओढून नेतात. सांधा गाडला जातो, थोड्याच दिवसांत तिथे भेग पडते आणि खडी रबरात रुतून बसते. आम्ही केलेल्या पुलांवर दर मेमध्ये आमचीच माणसं ती खडी वेचून काढतात. बिलात ते नसतं.

गेल्या जुलैत त्या पहिल्या पुलाखाली पुन्हा गेलो. फिटरकाकांनी खांबाच्या माथ्यावरून हात फिरवला, कोरडा होता. फक्त पदपथाकडच्या कोपऱ्यात थोडी ओल दिसली. ऑक्टोबरात तो कोपरा उघडायचाय.