आमची वाटचाल : बायकांची व्यक्तिचित्रं, दांडिया बाजार, बडोदे

दांडिया बाजारातल्या आमच्या स्टुडिओत फक्त बायकांची व्यक्तिचित्रं होतात. पेन्सिल, कोळसा, थोडे जलरंग, आणि मुख्य काम तेलरंगाचं. पुरुषांची ऑर्डर आली की ती ओळखीच्या चित्रकारांकडे पाठवतो. सुरुवातीला लोकांना हा हट्ट वाटला. पण घरातली बाई परक्या पुरुषासमोर तासन्‌तास बसायला तयार नसायची, त्यामुळे बायकांची चित्रं एक तर लग्नातल्या फोटोवरून व्हायची, नाहीतर त्या गेल्यावर रेशनकार्डावरच्या फोटोवरून. आमच्याकडे समोर जाऊबाई आणि मी असायचो, म्हणून सासवा, सुना, आत्या सगळ्या निवांत बसायला लागल्या. धंदा त्यावर उभा राहिला.

बडोद्यात हे काम करायचं म्हणजे मापही मोठं लागतं. १८८८ साली सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्मांना चौदा पौराणिक चित्रांचं काम दिलं. त्यांची चित्रं आजही फत्तेसिंह म्युझियममध्ये कोणालाही जवळून पाहता येतात. १९५० पासून फाइन आर्ट्सची फॅकल्टी गावात आहे, चित्रकार ना. श्री. बेंद्रे सरांनी तिथे शिकवलं. त्यामुळे इथलं गिऱ्हाईक कॅनव्हासला नाक लावून ब्रशचा फटकारा बघतं. नऊवारीचा काठ वळणावर कसा दुमडलाय, तेही विचारतं. असं गिऱ्हाईक मिळणं हे आमचं भाग्यच.

स्टुडिओला उत्तरेची खिडकी आहे आणि भाडं वाढलं तरी ती आम्ही सोडली नाही. उत्तरेकडून ऊन थेट येत नाही, म्हणून नाकाची सावली दिवसभर जागची हलत नाही. बसणाऱ्या बाईची खुर्ची लाकडी चौथऱ्यावर असते, म्हणजे तिचे डोळे उभ्या चित्रकाराच्या डोळ्यांच्या पातळीत येतात. खाली बसवलं की कपाळ मोठं आणि हनुवटी बारीक दिसते. एका बैठकीत वीस-पंचवीस मिनिटांनी उठवावं आणि उठण्याआधी पावलांभोवती खडूने खूण करावी, नाहीतर परत बसताना मान हमखास दुसरीकडे वळते.

कॅनव्हास आम्ही तयार घेत नाही. लिनन आणतो, सागाच्या स्ट्रेचरवर, म्हणजे लाकडी चौकटीवर, मधून कडांकडे ताणत खिळे मारतो आणि कोपऱ्यांत पाचरी ठेवतो. पावसाळ्यात कापड ढिलं पडतं, तेव्हा पाचर हलक्या हाताने ठोकली की पुन्हा ताठ होतं. प्रायमरचे तीन हात देतो, प्रत्येक हात आधीच्या आडवा, आणि मध्ये बारीक पॉलिशपेपर. चेहऱ्याच्या कामाला कापडाची वीण फार दिसता कामा नये. बाजारातल्या पुष्कळ तयार कॅनव्हासचा प्रायमर तेल पिऊन टाकतो, मग गडद रंग ठिकठिकाणी मेल्यासारखे, फिके दिसतात. काळे केस आणि काळी चंद्रकळा असली की हा दोष उघडा पडतो.

आखणीत बायकांच्या चेहऱ्यात बिघडतं ते जबड्यापाशी. कानाखालून हनुवटीकडे जाणारी कड सगळीकडे सारखी ठळक काढली की चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो. उजेडाच्या बाजूला ती कड ठेवावी, सावलीत मानेत हरवू द्यावी. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात, नवशिके ते हमखास वर सरकवतात, कारण अंबाडा आणि भांग त्यांनी हिशेबात धरलेला नसतो. वयस्क बाईच्या सुरकुत्या रेषांनी काढू नयेत. सुरकुती म्हणजे उजेडातली एक बाजू आणि सावलीतली एक, दोन छटांनी ती होते. रेषेने काढलेली आजी चिडलेली दिसते.

आता रंग. गव्हाळ कांतीसाठी आमचं नेहमीचं मिश्रण असं : तीन भाग यलो ऑकर, एक भाग लाइट रेड, दोन भाग पांढरा आणि सुईच्या टोकाएवढा निळा अल्ट्रामरीन. सावळ्या कांतीला पांढरा जवळजवळ नको, तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना वाढवावा, सावली पातळ आणि पारदर्शक ठेवावी, आणि कपाळावरची, गालाच्या हाडावरची चमक थंड, किंचित निळसर द्यावी. सावळी त्वचा खिडकीतलं आभाळ परत दाखवते, तिथे पिवळी चमक दिली की चेहरा पितळेचा होतो. टिटॅनियम व्हाइट जपून वापरावा. तो फार झाकतो आणि कांती खडूसारखी करतो. पुरुषांच्या चेहऱ्याचा खालचा तिसरा भाग दाढीमुळे निळसर धरतात. तीच सवय बाईच्या चेहऱ्यावर चालवली की ओठांभोवती पुरुषी छाया येते. तिथे निळ्याऐवजी हिरवट छटा पुसटशी पुरते.

दागिने हा जाऊबाईंचा प्रांत. नथ त्यांच्यासारखी काढणारं दुसरं कोणी मी पाहिलेलं नाही. मोती पांढरा असतो असं आपण धरून चालतो, पण जाऊबाई त्यात पांढरा सगळ्यात शेवटी लावतात. आधी मधला राखाडी, मग एका कडेला किंचित गडद, त्याच्या पलीकडच्या कडेला गालाचा गुलाबी उजेड परत आलेला, आणि मग दोन शून्यांच्या सेबल ब्रशने एकच ठिपका. तो ठिपका मध्यावर पडला की मोत्याचा डोळा होतो, खिडकीच्या बाजूला थोडा वर हवा. नथीची सावली वरच्या ओठावर पडते. ती काढली नाही तर नथ नाकाला टोचलेली न दिसता चित्रावर चिकटवलेली दिसते. कुंकवाचंही तसंच. चेहरा तीन-चतुर्थांश वळलेला असेल तर कपाळाच्या गोलाईवर कुंकू लंबगोल दिसतं. पूर्ण गोल काढलं की ते कपाळापुढे तरंगतं. साडीची जर सोनेरी रंगाने कधीच करू नये. ब्राँझची पावडर हवेने काळी-हिरवी पडते. ऑकर, तपकिरी रॉ अंबर आणि वर लेमन यलोचे चार कोरडे फटकारे, एवढ्यात पैठणीचा काठ उभा राहतो.

आमच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत रावपुऱ्यातल्या एक काकू आहेत. त्यांच्या घरातल्या प्रत्येक पिढीतल्या बाईचं चित्र त्यांना हवं होतं, पार पणजीसासूबाईंपर्यंत. जुन्या फोटोंवरून काम कसं करायचं हे या एका घराने आम्हाला शिकवलं. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटवर, म्हणजे पूर्वी कॅमेऱ्यात घालायच्या निगेटिव्हच्या काचेवर, लाल रंग उमटतच नाही, म्हणून लाल लुगडं फोटोत काळं दिसतं, कुंकू आणि ओठ काळे दिसतात आणि निळं जवळजवळ पांढरं होतं. फोटोत काळी दिसते म्हणून चंद्रकळा समजून रंगवायला घेऊ नये. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं, पेटीत त्या लुगड्याचा तुकडा असेल तर मागून घ्यावा. कांतीसुद्धा अशा प्लेटवर खऱ्यापेक्षा गडद येते, आणि फोटोवाल्याने ती निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून पुन्हा गुळगुळीत केलेली असते. म्हणजे दोन्ही बाजूंनी फसगत.

दुसरी गोष्ट उलट्या फोटोची. निगेटिव्ह पालथी छापली गेली की डावी बाजू उजवी होते. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत असते, पदर डाव्या खांद्यावर. पण बडोद्यात पदरावर भरवसा ठेवता येत नाही, कारण गुजराती पद्धतीचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो आणि इथल्या कित्येक मराठी घरांत समारंभाला तशी साडी नेसतात. म्हणून आधी नथ बघावी, मग पोलक्याचं बटण, मग भांग. आताच्या सेल्फीतही हीच भानगड आहे. शिवाय सेल्फी हातभर अंतरावरून काढलेला असतो, त्यात नाक फुगतं आणि कान मागे जातात. आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, सात-आठ फुटांवरून दुसऱ्या कोणाकडून फोटो काढून घ्या, फ्लॅश बंद, चेहरा खिडकीकडे.

हे सगळं नीट चाललेलं असताना गावात एक दुकान निघालं. पाटी होती : हाताने रंगवलेलं तैलचित्र, चार दिवसांत, निम्म्या दरात. ते तैलचित्र नव्हतंच. फोटो कॉम्प्युटरवर ब्रशसारखा करायचा, सुरकुत्या पुसायच्या, रंग दोन शेड उजळ करायचा, कॅनव्हासच्या रोलवर छापायचा आणि वर पारदर्शक जेल ब्रशने फासायचं. लांबून चित्र वाटतं. तेलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, पाण्यासारखा उडून जात नाही. तीन-चार थरांचं काम चार दिवसांत सुकूच शकत नाही. जाणत्या माणसाला पाटी वाचूनच कळायला हवं होतं. पण लोकांना गोरा, गुळगुळीत चेहरा आवडला. आमच्याकडे येऊन बायका म्हणायच्या, तिकडे सासूबाई किती उजळ दिसतात, तुमच्याकडे काळ्या पडल्या.

त्याच काळात एका संस्थेचं मोठं काम आमच्या हातात होतं. तिच्या संस्थापक बायकांची आणि जुन्या अध्यक्षबाईंची चित्रं, सगळी एका मापात, ३० बाय २४ इंच. जुन्या फोटोंवरून आम्ही कोळशाची रेखाटनं केली, सुधारून दिली, ती मंजूर झाली. लिनन कापून ताणलं, प्रायमर दिला. आणि काम त्या दुकानाकडे गेलं. नुसतं काम गेलं असतं तर समजून घेतलं असतं. आमच्या रेखाटनांचे फोटो काढून तेच कॉम्प्युटरवर रंगवून छापले गेले. मान कुठे वळवायची, हात कुठे ठेवायचा, ज्या फोटोत नाक फुटलं होतं तिथे नाक कसं असेल, हे सगळं आमचं. त्याचा एक पैसा मिळाला नाही, साधं आमचं नावही लागलं नाही. हे मला आजही सहन होत नाही आणि ते लिहायला संकोच वाटत नाही.

ताणलेल्या लिननमध्ये पैसा अडकला, पावसाळा तोंडावर आला, ओलाव्याने काही कॅनव्हासना मागून बुरशी धरली. कामाला असलेल्या दोन्ही मुलींना सोडावं लागलं. जाऊबाईंनी पाटल्या गहाण ठेवून भाडं भरलं. स्टुडिओ बंद करून घरी शिकवण्या घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. तेव्हा रावपुऱ्यातल्या काकूंनी उरलेल्या सगळ्या चित्रांची ऑर्डर एकदम दिली, पूर्ण रक्कम आधी. एकच अट घातली : "माझ्या सासूबाईंना गोरं करू नकोस गं, त्या सावळ्याच देखण्या होत्या." त्या ऑर्डरीवर आम्ही तगलो. ते चित्र रंगवताना पांढरा रंग पॅलेटवर घेतलाच नाही, उजेडासाठी नेपल्स यलो वापरला.

पुढे त्या दुकानाच्या चित्रांचं जे व्हायचं ते झालं. स्वस्त शाई उन्हात टिकत नाही. आधी लाल आणि पिवळा उडतो, निळा उरतो. पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगलेले चेहरे निळसर-हिरवट झाले. लोक परत येऊ लागले. त्यानंतरची वर्षं बरी गेली, त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही.

तेव्हापासून आम्ही दारापाशी सोनारांकडचं दहापटीचं भिंग टांगून ठेवलं आहे. कुठलंही चित्र, आमचं असो की दुसऱ्याचं, विकत घेण्याआधी गालाच्या कडेला भिंग लावून बघा. छापील असेल तर बारीक रंगीत ठिपके दिसतील. मग चित्र उजेडात तिरकं धरा. हाताने केलेल्या कामात उजेडाच्या जागी रंग जाड आणि सावलीत पातळ असतो. जेल फासलेल्यात जाडी सगळीकडे सारखी असते आणि ब्रशचे फटकारे नाकाच्या, गालाच्या वळणाने जात नाहीत, भलतीकडेच जातात. घाईच्या माणसांनाही एक सांगणं आहे. व्हार्निश लगेच मागू नका. सहा महिने ते वर्षभर थांबावं लागतं. खालचा रंग ओला असताना वर कडक थर बसला की चित्र तडकतं. त्याच कारणाने खालच्या थरात टर्पेंटाइन जास्त, वर जाल तसं जवसाचं तेल वाढवायचं. झिंक व्हाइट खालच्या थरात घालू नका, तो कालांतराने ठिसूळ होतो. अंबर लवकर सुकतो, आयव्हरी ब्लॅक उशिरा, म्हणून केसांखाली काळ्याचा जाड थर नको. अंबर आणि अल्ट्रामरीनचा काळा करा, तो जास्त जिवंतही दिसतो.

दिवाळीला भिंतीवर चित्र हवं असेल तर ऑर्डर वैशाखाच्या आत द्या. आषाढ-श्रावणात थर सुकायला बराच जास्त वेळ लागतो आणि आम्ही हीटर लावून घाई करत नाही. प्रत्यक्ष बसणाऱ्या बाईच्या तीन ते पाच बैठका धरा, प्रत्येक बैठकीला तीच साडी, तोच अंबाडा. निम्मी रक्कम रेखाटन मंजूर झाल्यावर घेतो. रेखाटनाचा फोटो काढू देत नाही, ते स्टुडिओतच बघायचं.

घरी नेल्यावर चित्र भिंतीला चिकटून टांगू नका, मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून देतो ते काढू नका, हवा खेळली की बुरशी धरत नाही. गेलेल्या माणसाचं चित्र असेल तर हार फ्रेमच्या वरच्या खिळ्याला अडकवा. चंदनाचा किंवा जरीचा हार कॅनव्हासवर घासला की चेहऱ्यावरच ओरखडे पडतात. उदबत्ती खाली न लावता बाजूला लावा, आणि धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटका, ओल्या फडक्याने पुसू नका.