डावीकडे खाली जाणारे बाण: दोष स्पाइनचा नाही, ड्रॉचा

धनुर्विद्येतल्या मंडळींनो, माझं कोडं सुटलं! सरावात माझे काही बाण आठ वाजताच्या दिशेला, म्हणजे डावीकडे खाली पडत होते; ते शाफ्टमुळे (बाणाच्या काडीमुळे) जात नव्हते. ड्रॉ, म्हणजे दोरी मागे खेचण्याचं अंतर, आखूड पडत होता.

नव्या मंडळींसाठी: 62 इंची लाकडी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य), ओढ 35 पाउंड, 600 स्पाइनचे कार्बन शाफ्ट (स्पाइनचा आकडा मोठा तेवढा शाफ्ट लवचिक), थ्री-अंडर (तिन्ही बोटं बाणाखाली), अंतर 18 मीटर. बहुतेक बाण लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या-लाल वर्तुळांमध्ये आणि मधूनच एखादा डावीकडे खाली. उजव्या हाताने खेचणाऱ्याचा बेअर शाफ्ट (बिनपिसांचा बाण) डावीकडे गेला की पहिला संशय शाफ्ट ताठ असल्याचा येतो. म्हणून दोरीला पीळ देऊन ब्रेस हाइट (दोरी आणि धनुष्यामधलं अंतर) बदलून पाहिली, नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची जागा) हलवला, शेल्फवरचं (धनुष्यावर बाण टेकतो तिथलं) फेल्ट बदललं. काडीचाही फरक पडला नाही. 700 चे शाफ्ट मागवायचं जवळजवळ ठरलंच होतं.

पण एक गोष्ट खटकत राहिली. शाफ्ट ताठ असेल, तर सगळेच बेअर शाफ्ट डावीकडे जायला हवेत. शाफ्ट 28 इंचांवरच्या दोन टेकूंवर ठेवून मध्ये 880 ग्रॅम टांगले की तो जेवढा वाकतो, ती त्याची स्पाइन. आपला 0.600 इंच वाकतो. तो कालही तेवढाच वाकत होता, आजही तेवढाच वाकतो. म्हणजे बदलत होता तो त्याला मागून मिळणारा जोर.

मग शाफ्टवर 27 आणि 28 इंचांच्या खुणांना पांढरी टेप लावली आणि मित्राला फोन घेऊन बाजूला उभं केलं. कोऱ्या बटवर (बाण अडवणाऱ्या गठ्ठ्यावर) मारताना 28 ची पट्टी दर वेळी बरोबर राइझरच्या (धनुष्याच्या मुठीच्या भागाच्या) कडेला आली. मग फेस (वर्तुळांचा कागद) लावला. बाणाचं टोक गॅपवर (नेमासाठी लक्ष्यापासून वर-खाली धरायच्या अंतरावर) आलं, पिवळा दिसला आणि हात तिथेच थांबला. "अरे, अजून मागे ये, पट्टी बाहेरच आहे," मित्र ओरडला. व्हिडिओ सावकाश फिरवून पाहिला, तर तर्जनी ओठाच्या कोपऱ्याच्या अलीकडेच गालाला टेकलेली. बोटाला गालाचा स्पर्श होतो, म्हणून अँकर (हात टेकवायची ठरलेली जागा) झाल्यासारखं वाटतं आणि रिलीज होऊन जातो. म्हणजे हा सरळसरळ टार्गेट पॅनिक, लक्ष्य दिसताच घाईने बाण सुटण्याची खोड.

लगेज स्केल लावून पाहिलं, शेवटच्या इंचाला जवळपास अडीच पाउंड आहेत. तेवढा जोर कमी पडला की तोच शाफ्ट ताठ वागतो आणि डावीकडे जातो. वेगही घटतो, म्हणून 18 मीटरवर साधारण चार बोटं खाली. आठ वाजता का, ते आता कळलं.

बेअरबोला (साइट वगैरे साधनं नसलेल्या धनुष्याला) क्लिकर, म्हणजे ड्रॉ पूर्ण झाल्यावर टक्क वाजणारी पट्टी, चालत नाही, म्हणून नाकाचा आधार घेतला. पिसं अशी सरकवून चिकटवली, की पूर्ण ड्रॉला वरच्या पिसाची मागची कड नाकाच्या शेंड्याला लागते. पीस लागल्याशिवाय बोटं सोडायची नाहीत. काल संध्याकाळी एका एन्डमध्ये (बाणांच्या एका फेरीत) बेअर शाफ्ट आणि पिसांचे बाण एकाच झुपक्यात बसले, नॉक (बाणांची मागची खाच असलेली टोकं) एकमेकांना घासत होते. तसेच ठेवून कितीतरी वेळ बघत बसलो.

पिसांवरून आठवलं, या वेळच्या विक्रेत्याने एकाच डझनात डाव्या आणि उजव्या पंखाची पिसं मिसळून पाठवली. एकाच बाणावर दोन्ही लागली तर बाण नीट फिरतच नाही. पाकीट फोडल्याबरोबर वळण बघून वेगळी करा. आणि शेल्फवरून मारणाऱ्यांनी प्लास्टिक व्हेनच्या (पिसांऐवजीच्या पात्यांच्या) नादी लागूच नये. पीस शेल्फला घासून दबतं, व्हेन उसळते.

700 चे शाफ्ट रद्द. पुढच्या रविवारी 30 मीटरवर जायचा बेत होता, पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलंय. कोरा बट आणि फेस यांच्यामधली एक पायरी हवी. बटवर नुसती आडवी टेप लावायची, ना वर्तुळं ना पिवळा. नेम धरावा लागेल, आणि ड्रॉ आखूड पडला की बाण टेपखाली जाऊन लगेच चुगली करेल. 5 मीटरपासून सुरुवात, तिथे पीस दर वेळी नाकाला लागायला लागलं की 10. 30 मीटर नंतर बघू.

गॅपचा जुना तक्ताही बाद करावा लागणार, कारण ते आकडे आखूड आणि पूर्ण अशा दोन्ही ड्रॉचे मिसळलेले आहेत. 35 पाउंडाच्या आसपास थ्री-अंडर मारणाऱ्यांनी आपला पॉइंट-ऑन (बाणाचं टोक थेट लक्ष्यावर धरून मारता येतं ते अंतर) किती मीटरवर येतो ते शाफ्टच्या लांबीसकट कळवा, म्हणजे नवा तक्ता ताडून पाहता येईल.