मेसाया अपडेट: ट्रम्पेटचा सोलो आता शेवटपर्यंत टिकतोय

ब्रासवाल्या मंडळींनो, बरंच पुढे सरकलंय म्हणून जरा सविस्तर लिहितोय. इकडे डब्लिनमध्ये बेघर लोकांसाठी निधी जमवायला एका चर्चमध्ये संगीतकार हँडेलचा मेसाया (बायबलमधल्या वचनांवरची, गायक, कोरस आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) करतोय, हौशी कोरस, छोटा ऑर्केस्ट्रा, आणि पहिला ट्रम्पेट माझ्याकडे. याच गावात वाजवायला मिळतंय याचं मला फार अप्रूप आहे, कारण मेसाया पहिल्यांदा झाला तोच इथे फिशॅम्बल स्ट्रीटवर, 13 एप्रिल 1742 ला, आणि तोही चॅरिटीसाठीच. गर्दी मावावी म्हणून बायकांनी घेरदार हूप आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावं अशी विनंती केली होती म्हणे, आणि त्या पैशातून कर्जापायी तुरुंगात पडलेली 142 माणसं सुटली.

वाद्याचं ठरलं, ए मधला पिकोलो, म्हणजे छोटा, उंच सुरांचा ट्रम्पेट. माझे सूर डी मेजरमध्ये लिहिलेले आहेत, ते पिकोलोवर एफ मेजरमध्ये वाचावे लागतात, आता सवय झालीय. नॅचरल ट्रम्पेटही वाजवून बघितला, व्हॉल्व्ह नसलेला, फक्त ओठांवर सूर काढायचे, आणि त्याचा अकरावा हार्मोनिक (नळीतून आपोआप निघणाऱ्या सुरांपैकी अकरावा) ना धड शुद्ध मध्यम ना धड तीव्र, मध्येच कुठेतरी. त्या काळचे लोक तो नुसत्या ओठांनी वाकवून सुरात आणायचे, ऐकूनच हात जोडावेसे वाटतात. आवाज इतका गोड की एक दिवस तोच वाजवायचाय, पण या कॉन्सर्टला नाही.

आता मुख्य गोष्ट. ‘द ट्रम्पेट शॅल साउंड’ या बास गायकाच्या (खालच्या पट्टीतला पुरुष आवाज) गाण्यात माझा सोलो आहे, त्याच्या डोक्यावर हँडेलने लिहिलंय पॉम्पोसो, मा नॉन अलेग्रो, म्हणजे रुबाबात पण घाई नको, आणि सगळा दमसास तिथेच लागतो. आम्ही दा कापोसकट, म्हणजे शेवटी पहिला भाग पुन्हा घेऊन, पूर्ण करतोय. जेवढा वेळ वाजवलं तेवढाच वेळ विश्रांती असं करत करत तुकडे जोडत गेलो, आणि बास गात असताना ट्रम्पेटला जिथे जिथे रेस्ट आहे तिथे माउथपीस ओठांवरून पूर्ण काढायचा हे पक्कं केलं. मधल्या भागात ट्रम्पेट नाहीच, तेवढ्यात ओठांत रक्त परत येतं, मग दा कापो निघतो. दाब कमी केल्यावर वरचे सूरही मोकळे लागायला लागलेत.

त्याच्या बऱ्याच आधी येणाऱ्या ‘ग्लोरी टू गॉड’ या कोरसला लांबून आणि जरा हळू वाजवा असं लिहिलंय, म्हणून आम्ही दोघे ट्रम्पेटवाले मागच्या गॅलरीत. तीसेक मीटर अंतर म्हणजे आवाजाला जवळजवळ सेकंदाचा दहावा भाग लागतो, त्यामुळे कानावर विसंबायचं नाही, कंडक्टरच्या हाताकडे बघून वाजवायचं.

खरं अवघड वाटतं ते गप्प बसणं. ‘ग्लोरी टू गॉड’ नंतर ट्रम्पेट थेट ‘हॅलेलुया’ कोरसला, म्हणजे मधला जवळपास तासभर थंडगार चर्चमध्ये बसून राहायचं, वाद्य गार पडलं की सूर खाली उतरतो. मी पिकोलो कोटाच्या आत धरून ठेवतो आणि अधूनमधून आवाज न करता त्यात गरम श्वास सोडतो. सोलोच्या आधी तर हे हवंच, कारण बासचे ‘ॲट द लास्ट ट्रम्पेट’ हे शब्द संपले की लगेच आपण, चाचपायला वेळच नाही.

आता बास गायकाबरोबर बसून दा कापोतल्या ट्रिल (दोन शेजारच्या सुरांची झपझप अदलाबदल) ठरवायच्यात, ‘चेंज्ड’ वर तो जी लांबलचक तान घेतो तिच्यानंतर मी किती सजवायचं ते अजून ठरत नाहीये. माझं मत कमीच सजवावं.